फुलं सुकवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सणवार आणि लग्नसराईनंतर आमच्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक प्रश्न हमखास असतो: ही फुलं टिकवता येतील का? त्यातले काही प्रश्न उत्तरांसह इथे देत आहोत.

प्रश्न: लग्नाच्या वाढदिवसाला लाल गुलाबांचा मोठा गुच्छ मिळाला. चार दिवस फुलदाणीत ठेवून मग तो तसाच बाल्कनीत उलटा टांगला. पंधरा दिवसांनी पाकळ्या जवळजवळ काळ्या पडल्या आणि दोन फुलांत पांढरी बुरशी दिसली. काय चुकलं? (डोंबिवली)

काळं पडणं आणि बुरशी येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी काळेपणाचं पाहू. लाल गुलाबाचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. पाकळीतलं पाणी कमी झालं की ते दाट होतं, पेशींतली आम्लता बदलते आणि लाल रंग गडद तपकिरी-काळ्याकडे झुकतो. गडद लाल गुलाब कोणत्याही पद्धतीने सुकवला तरी थोडा काळवंडणारच. ज्यांना सुकल्यावरही लाल दिसायला हवा असेल त्यांनी नारिंगी झाक असलेला फिका लाल किंवा गडद गुलाबी गुलाब घ्यावा. गुलाबी आणि पिवळे गुलाब रंग चांगला धरतात. पांढरा सायीच्या रंगावर जातो. त्यात भर पडते ती वेळाची. पाकळीत ओल असेपर्यंत तिच्यातली विकरं (एन्झाइम) काम करत राहतात आणि ती तपकिरी पडत जाते. म्हणून सुकणं जितकं लवकर, तितका रंग चांगला.

बुरशीचं कारण म्हणजे गुच्छ न सोडता टांगणं. मधल्या फुलांना वारा लागत नाही. गुलाबात सगळ्यांत उशिरा सुकतो तो पाकळ्यांच्या खालचा हिरवा फुगीर भाग. पाकळ्या कुरकुरीत झाल्या तरी तो आतून ओला असतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बाल्कनीत रात्रीचा दमटपणा आणि दिवसाचा उजेड या दोन्हींचा त्रास होतो.

पुढच्या वेळी असं करा. गुच्छ आला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, सुकवायची फुलं बाजूला काढा. चार दिवस फुलदाणीत राहिलेल्या फुलाच्या पाकळ्या सुकताना गळतात. अर्धी उमललेली फुलं निवडा, कारण टांगल्यावरही ती थोडी उमलतात. खालच्या दोन-तृतीयांश देठावरची पानं काढून टाका. चार-पाच देठांची जुडी करा आणि फुलं एकमेकांना चिकटणार नाहीत अशी खाली-वर लावा. बांधायला दोरा नको, रबरबँड वापरा. देठ सुकताना बारीक होतो, दोऱ्यातून सुटून खाली पडतो. रबरबँड मात्र त्याच्याबरोबर आवळत जातो. जुडी अंधाऱ्या, कोरड्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर टांगा. कपाटाच्या वरची जागा किंवा माळा चालतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराजवळची जागा नको. पंखा मंद चालू राहिला तर उत्तमच.

मुंबई-ठाण्याकडे डिसेंबर-जानेवारीत याला दोन ते तीन आठवडे लागतात, विदर्भात एप्रिलमध्ये आठवडाभर पुरतो. देठ वाकवल्यावर कट्‌कन मोडला आणि हिरवा फुगीर भाग नखाने दाबल्यावर अजिबात दबला नाही, तरच फुलं खाली काढा. पाकळ्यांवरून अंदाज बांधू नका.

प्रश्न: सिलिका जेलमध्ये फुलं ताज्यासारखी राहतात असं ऐकलं. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या पुड्या साठवल्या आहेत. त्या चालतील का? किती सिलिका लागते, किती दिवस ठेवायची? (नाशिक)

त्या पुड्या फुलं सुकवायला चालणार नाहीत, पण फेकूही नका. सुकलेली फुलं साठवताना त्या उपयोगी पडतील. पुड्यांतले दाणे मोठे, गोल असतात. ते पाकळ्यांच्या मधल्या फटींत शिरत नाहीत आणि जिथे टेकतात तिथे पाकळीवर खड्डे उमटतात. फुलांसाठी बारीक साखरेसारख्या दाण्याची सिलिका लागते. विकत घेताना ६० ते १२० मेश (दाण्याच्या बारीकपणाचं माप) किंवा "फुलं सुकवण्यासाठी" असं सांगून मागा. मोठे दाणे मिक्सरमध्ये दळायचा विचारही करू नका, ती धूळ फुप्फुसांना घातक असते. बारीक सिलिका ओततानाही नाक-तोंडावर मास्क बांधा.

रंगीत सिलिकेबद्दल सावध राहा. ओल धरल्यावर निळ्याची गुलाबी होणारी जी सिलिका मिळते तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. पांढरी सिलिका घ्या. ओल कळण्यासाठी तिच्यात केशरी दाणे मिसळलेले असतील तर तेवढे पुरतात. ओल धरल्यावर ते हिरवट होतात.

प्रमाणाचं म्हणाल तर १५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ८ सेंटिमीटर खोल डब्यात चार मध्यम गुलाब बसतात आणि त्याला सुमारे सव्वा किलो सिलिका लागते. चार फुलांतलं पाणी शोषायला एवढी गरज नसते. पण सिलिकेला दुसरंही काम असतं: सुकताना आकसू पाहणाऱ्या पाकळीला सगळ्या बाजूंनी आधार देणं. फूल पूर्ण बुडलं नाही तर उघडा राहिलेला भाग सुरकुततो. म्हणून सिलिकेत काटकसर करू नये, फुलं कमी ठेवावीत.

आता कृती. सकाळचं दव उडून गेल्यावर, अकराच्या सुमारास फुलं तोडा. विकतच्या फुलांवर पाणी शिंपडलेलं असतं, ते पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पाकळीवर राहिलेल्या थेंबाला सिलिका चिकटते आणि तिथे पांढरा डाग पडतो. देठ दोन सेंटिमीटर ठेवून कापा. पुढे फूल उभं लावायचं असेल तर त्या देठात आत्ताच बारीक तार खुपसा, २२ गेजची चालते. सुकल्यावर तार घालायला गेलात तर फूल तडकेल. डब्याच्या तळाशी तीन सेंटिमीटर सिलिका पसरा, त्यात देठ रोवून गुलाब तोंड वर करून बसवा. मग सिलिका फुलावर न ओतता आधी बाजूने चहाच्या चमच्याने सोडा, म्हणजे बाहेरच्या पाकळ्यांना खालून टेका मिळेल. त्यानंतर आतल्या पाकळ्यांच्या मध्ये थोडी थोडी घाला. आतली आणि बाहेरची पातळी बरोबरीने वर यायला हवी. बाहेरून भर दिला आणि आतून रिकामं राहिलं, तर पाकळ्या आत दाबल्या जाऊन फूल मिटल्यासारखं दिसतं. शेवटी वर दोन सेंटिमीटर थर द्या आणि झाकण घट्ट लावा. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावली तर अधिक बरं.

एकेरी शेवंती, कॉसमॉस यांसारखी पातळ फुलं दोन-तीन दिवसांत होतात. जर्बेराला तीन ते चार, कार्नेशन आणि गुलाबाला पाच ते सात दिवस द्या. डब्यावर तारीख लिहून ठेवा. एका डब्यात एकाच जातीची फुलं ठेवावीत, नाहीतर गुलाब सुकेपर्यंत कॉसमॉस भुगा होण्याइतका ठिसूळ होतो. लवकर काढलेल्या फुलाचा बुडखा ओला असतो आणि दोन दिवसांत त्याच्या पाकळ्या लोंबतात. जास्त दिवस राहिलेल्या फुलाच्या पाकळ्या टिचकीसरशी गळतात. गुलाबाच्या बाबतीत पाचव्या दिवशी कडेचं एकच फूल उकरून पाहावं.

काढताना फूल ओढू नका. डबा तिरपा करून सिलिका परातीत हळूहळू ओता. फूल मोकळं झालं की देठाखाली बोटं घालून उचला. पाकळ्यांत राहिलेले दाणे रंगकामाच्या मऊ ब्रशने झटका. सैल वाटणाऱ्या पाकळीच्या मुळाशी टूथपिकच्या टोकाने पांढऱ्या गोंदाचा बारीक थेंब लावा.

सिलिका पुन्हा पुन्हा वापरता येते. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंश सेल्सिअसवर, दोन-तीन सेंटिमीटरचा थर करून दोन तास तापवा, मधून एकदा ढवळा. त्याहून जास्त उष्णता दिली तर केशरी दाणे कायमचे खराब होतात. कोमट असतानाच हवाबंद डब्यात भरा. उघडी ठेवून गार केलीत तर हवेतली ओल पुन्हा धरेल. यासाठीचं भांडं आणि चमचा स्वयंपाकाला परत वापरू नका.

प्रश्न: सिलिका महाग वाटते. त्याऐवजी वाळू, मीठ, रवा किंवा रांगोळी? (पनवेल)

वाळू चालते, बाकीची नाही. मीठ आपल्याकडच्या हवेत स्वतःच पाणी धरतं. रव्याला किडे लागतात. रांगोळीची भुकटी पाकळीवर बसली की निघत नाही. बोरॅक्स म्हणजे टाकणखार मक्याच्या पिठात मिसळून वापरण्याची जुनी पद्धत आहे, पण ते मिश्रण पाकळ्यांना चिकटतं, फार दिवस राहिलं तर रंग उडवतं आणि लहान मुलांच्या घरात टाकणखार उघडा ठेवणं योग्य नाही.

नदीची बारीक वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, कडक उन्हात वाळवा, मैद्याच्या चाळणीने चाळा. खाली पडलेली धूळ टाकून द्या आणि चाळणीवर राहिलेल्यातले मोठे खडे वेचा. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ ओल ओढतं. वाळू पाणी शोषत नाही, ती फक्त फुलाला धरून ठेवते. ओल दाण्यांच्या फटींतून हवेत जाते. म्हणून सिलिकेचा डबा बंद ठेवायचा आणि वाळूचा उघडा. अनेकांची वाळूतली फुलं कुजतात ती झाकण लावल्यामुळेच. वाळू सिलिकेच्या दुपटीहून जड असते, त्यामुळे नाजूक पाकळ्या चपट्या होतात. झेंडू, शेवंती, गोम्फ्रेना (बटणासारखी गोल फुलं) अशा दणकट फुलांना ती ठीक. दोन ते तीन आठवडे द्या.

प्रश्न: मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत फूल सुकतं म्हणतात, माझं फूल मात्र करपलं. (कोल्हापूर)

नुसतं फूल ठेवलं असणार. मायक्रोवेव्हमध्येही फूल सिलिकेत पूर्ण बुडवूनच ठेवायचं. काचेचा खोल वाडगा घ्या, झाकण लावू नका आणि फुलात तार घालू नका. बाजूला अर्धा कप पाणी ठेवा. सर्वाधिक शक्तीवर न चालवता ३५० ते ४०० वॉटच्या आसपास ठेवा. शेवंतीला दीड मिनिट, गुलाबाला दोन ते अडीच मिनिटं देऊन थांबा. सुकण्याचं निम्मं काम त्यानंतर होतं, गरम सिलिका फुलातली ओल ओढत राहते. वाडग्यावर झाकण थोडं तिरकं ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. गरम असताना उकरलेलं फूल मऊ असतं आणि लगेच वाकडं होतं. प्रत्येक मायक्रोवेव्ह वेगळा चालतो, तेव्हा पहिलं फूल प्रयोगाचं समजा. रंग या पद्धतीने फार छान राहतो, पण मोठ्या संख्येने फुलं करायला ती सोयीची नाही.

प्रश्न: दसऱ्याला दाराला बांधलेल्या झेंडूच्या तोरणांचं काय करावं? टांगून ठेवली तर आतून कुजतात. (नागपूर)

झेंडू भरगच्च असतो, तोरणात तर फुलाला फूल भिडलेलं, आणि मध्ये ओली आंब्याची पानं. अख्खं तोरण नीट सुकणं कठीणच. दुसऱ्याच दिवशी ते सोडवा, कुजके भाग बाजूला काढा आणि चांगल्या फुलांच्या पाकळ्या चिमटीने ओढून सुट्या करा. सुती कापडावर एका थरात, सावलीत पसरा, दिवसातून एकदा हलवा. नागपूरच्या ऑक्टोबरमधल्या हवेत चार-पाच दिवसांत त्या मुठीत चुरल्या जातील इतक्या कोरड्या होतात. झेंडूचा रंग ल्युटिन या कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्याचा असतो. तो सुकताना फारसा बदलत नाही, पण उजेडाने उडतो. बरणी काचेची असली तरी बंद कपाटात ठेवा. या पाकळ्या दिवाळीच्या रांगोळीत घालता येतात आणि त्यांनी कापडही रंगवता येतं. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून आणि मग तुरटीच्या पाण्यातून काढलं तर पिवळा पक्का बसतो. नुसत्या पाकळ्यांच्या काढ्यात बुडवलेला रंग दोन धुण्यांत जातो.

अख्खी फुलं हवी असतील तर तोरणासाठी आणलेल्यांतली न ओवलेली लहान फुलं वेगळी ठेवा आणि सिलिकेत किंवा वाळूत सुकवा.

प्रश्न: वास टिकेल अशी फुलं कोणती? मोगरा सुकवला, तर तपकिरी झाला आणि वासही गेला. (सावंतवाडी)

मोगरा, जाई, निशिगंध यांचा वास ताज्या फुलातून हवेत उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. फूल सुकलं की तो संपतो आणि जाड, रसदार पाकळी तपकिरी पडते. त्यांच्यामागे लागू नये, ही फुलं ताजीच माळावीत.

तुमच्या भागात तर यासाठी सर्वांत चांगली फुलं आहेत. बकुळ, म्हणजे तुमच्याकडची ओवळं, सुकून तपकिरी झाली तरी महिनोन्महिने दरवळतात. सुरंगीही तशीच. झाडाखाली पहाटे पडलेली बकुळ उन्हं चढायच्या आत वेचा, पाण्याने धुऊ नका, ताटात पसरून सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. सुरंगीच्या कळ्या पूर्ण उमलायच्या आधी काढून तशाच सुकवा. दोन्ही सुती पिशवीत भरून कपड्यांच्या कपाटात ठेवा. सोबत वाळ्याची मुळं घातली तर वास भरदार होतो. गुलाबाच्या सुगंधी पाकळ्या हव्या असतील तर गुलकंदाला वापरतात तो देशी गुलाब घ्या; पॉलीहाऊसमधल्या लांब देठाच्या गुलाबाला ताजा असतानाच फारसा वास नसतो.

प्रश्न: शुभेच्छापत्रांसाठी फुलं दाबून सुकवतो. पुस्तकात ठेवली की डाग पडतात, फुलंही चॉकलेटी होतात. (पुणे)

पुस्तकाचा, विशेषतः मासिकाचा गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही. टीपकागद किंवा साधा कोरा न्यूजप्रिंट वापरा आणि दोन थरांमध्ये खोक्याचा नालीदार पुठ्ठा घाला, त्याच्या नळ्यांतून हवा फिरते. वर पाच ते आठ किलो वजन ठेवा. फुलं चॉकलेटी होण्याचं खरं कारण म्हणजे कागद न बदलणं. पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त पाणी निघतं, म्हणून पहिला कागद दुसऱ्या दिवशी बदलायलाच हवा. त्यानंतर एक दिवसाआड बदला. दहा ते चौदा दिवस लागतात.

बोगनवेल (तिची रंगीत पानं कागदासारखीच असतात), कॉसमॉस, वर्बिना, घाणेरीची सुटी फुलं आणि नेचे दाबायला अप्रतिम. अख्खा गुलाब किंवा झेंडू दाबू नका, त्याच्या पाकळ्या वेगळ्या दाबून कागदावर पुन्हा मांडा. जास्वंद चिकट होते आणि कागदाला धरते. चिकटवताना पूर्ण फुलाला गोंद फासू नका, मधोमध दोन-तीन ठिपके पुरतात.

प्रश्न: शेतात, बांधावर आपोआप येणाऱ्यांतलं काही सुकवता येईल का? (सातारा)

नक्कीच, आणि गुच्छात भरायच्या बारीक पांढऱ्या फुलांच्या, विकतच्या जिप्सोफिलापेक्षा ते आम्हाला जास्त आवडतं. पावसाळ्याच्या अखेरीस पिकांत तण म्हणून माजणारा कुरडू घ्या. त्याचे गुलाबी-पांढरे तुरे मुळातच कागदासारखे कोरडे असतात. तुऱ्याचा खालचा भाग पांढरा आणि टोक अजून गुलाबी असताना कापा. पूर्ण पांढरा झाल्यावर कापलात तर काळं बी घरभर सांडतं. टांगताना तुऱ्यावर कागदी पिशवी सैल बांधली की गळणारं बी तीत जमतं. परसातला कोंबडा, गोम्फ्रेना, ज्वारीची कणसं, फुटलेल्या कपाशीची बोंडं, तळ्यातल्या कमळाचे वाळलेले गाभे यांना टांगण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

कास पठारावरची फुलं मात्र तोडू नका. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथे फुलं तोडायला बंदी आहे. तिथली बरीच फुलं फक्त त्या पातळ मातीवर आणि कातळावरच येतात, बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी तिथे काहीच उगवणार नाही.

प्रश्न: यातून घरगुती व्यवसाय उभा राहील का? (बारामती)

वाळलेल्या फुलांची मोठी निर्यात तमिळनाडूतल्या तुतीकोरिन आणि कोलकात्यातून चालते. त्यात घाऊक माल, रंगवणं आणि कोरडी गोदामं लागतात, घरातून त्या स्पर्धेत उतरू नये. फ्रेम, शुभेच्छापत्रं, लग्नातल्या वरमाला जपून देणं अशी ठरवून घेतलेली कामं घरून जमतात. रीतसर शिकायचं असेल तर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने फुलं सुकवण्याच्या तंत्रावर बरंच काम केलं आहे आणि ती प्रशिक्षणही देते. वरमालेचं काम घेताना ग्राहकाला आधीच सांगा की माळ लग्नाच्या रात्रीच हातात हवी आणि पांढरा निशिगंध पांढरा राहणार नाही.

प्रश्न: हिवाळ्यात सुकवलेली सुंदर फुलं जुलैत मऊ पडली, एका परडीतून तर पिठासारखा भुगा पडतो आहे. (ठाणे)

सुकलेलं फूल हवेतली ओल परत घेतं, आणि ठाण्याच्या जुलैत ओल मुबलक असते. उघड्या फुलदाणीतली गुलाबं पावसाळ्यात मान टाकणारच. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती हवाबंद डब्यात हलवा, तळाशी वर सांगितलेल्या सिलिकेच्या पुड्या टाका आणि दसऱ्यानंतर बाहेर काढा. ज्यांना वर्षभर समोर हवी असतील त्यांनी काचेच्या बंद बरणीत किंवा मागून सील केलेल्या खोल फ्रेममध्ये ठेवावीत. पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात, एक फुटावरून, दिले तर थोडी मदत होते. पण तो फूल पूर्ण सुकल्याची खात्री झाल्यावरच मारा, नाहीतर ओल आत कोंडली जाते. मऊ पडलेली पण बुरशी न आलेली फुलं दोन दिवस सिलिकेच्या डब्यात ठेवून बघा, बरीचशी सावरतात. बुरशी आलेली लगेच टाका.

भुगा पडतोय म्हणजे आत लहान तपकिरी भुंगेरे किंवा त्यांच्या अळ्या आहेत, मसाल्यांना आणि सुक्या पदार्थांना लागतात तसेच. ती परडी घरातल्या डाळी-मसाल्यांपासून आधी लांब न्या. मौल्यवान फुलं असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी उघडायची घाई करू नका. घरातल्या तापमानाला येईपर्यंत बंद राहू द्या, नाहीतर गार फुलांवर दव धरेल. मग ब्रशने भुगा झटका. बाकीचं सरळ जाळून टाका.

प्रश्न: गुच्छातल्या गुलाबांच्या सुकवलेल्या पाकळ्या चहात किंवा बासुंदीवर घालाव्यात का? (इंदूर)

नाही. फुलबाजारातला गुलाब शोभेसाठी पिकवलेला असतो, त्यावर कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं मारलेली असतात आणि सुकवल्याने ती जात नाहीत. सिलिकेत किंवा टाकणखारात ठेवलेलं कोणतंही फूल खाऊ नये. खाण्यासाठी घरच्या कुंडीतला, फवारणी न केलेला देशी गुलाब घ्या. पाकळ्या सुट्या करून पुसून घ्या, पातळ कापडाखाली सावलीत चार-पाच दिवस वाळवा आणि लहान बरणीत भरून दोन-तीन महिन्यांत संपवा.